गोदावरीत ट्राउट का नाही?

नांदेडला गोदावरीच्या काठी, विष्णुपुरीच्या बंधाऱ्याच्या थोडे खाली, एक वयस्कर गृहस्थ गळ टाकून बसलेले असतात. बांबूची काठी, तंगूस, पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा आणि डब्यात ओल्या मातीतली गांडुळे, एवढेच त्यांचे सामान. गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे गेलो होतो. मुलांनी त्यांच्याभोवती कोंडाळे केले.

"मामा, काय लागलं का?"

"गप बसलात तर लागंल," मामा म्हणाले.

सातवीतल्या एका मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, "सर, टीव्हीवर लोक नदीत उभे राहून ट्राउट पकडतात, बास पकडतात. आपल्या गोदावरीत ट्राउट का नाही?"

'तो परदेशी मासा आहे' असे सांगून सुटता आले असते. पण ते उत्तर पुरेसे नाही. बटाटा आणि मिरची अमेरिकेतून आली आणि इथलीच झाली. चिलापी हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणलेला. आज तो आपल्या तलावांत आणि बंधाऱ्यांत सर्रास सापडतो. मग ट्राउटलाच काय अडचण आली? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर आपल्या नदीत कोणता मासा जगतो आणि कोणता मरतो, हे तर कळतेच. शिवाय उन्हाळ्याच्या अखेरीस एखाद्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडतो, तेव्हा पाण्यात काय घडलेले असते, तेही समजू लागते.

ट्राउट भारतात आहे, पण कुठे?

ट्राउट भारतात आणण्याचे प्रयत्न इंग्रजांनी केले. फ्रान्सिस डे हे मत्स्यशास्त्रज्ञ, ज्यांचा 'फिशेस ऑफ इंडिया' हा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो, त्यांनी १८६३ मध्ये निलगिरीत ट्राउटची अंडी आणून पाहिली. तो प्रयत्न फसला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीरच्या ओढ्यांत आणि निलगिरीत ट्राउट रुजला. आज तो काश्मीर, हिमाचल प्रदेश, निलगिरी, मुन्नारचा परिसर अशा ठिकाणी सापडतो.

ही नावे वाचताच एक गोष्ट ध्यानात येईल. ही सारी थंड हवेची ठिकाणे आहेत. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर आहे. नांदेड सुमारे ३६० मीटरवर. हजार मीटर वर गेले की हवा साधारण ६ अंश सेल्सिअसने थंड होते. ट्राउटला १० ते १६ अंशांचे पाणी मानवते. २० अंशांच्या पुढे तो अस्वस्थ होतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याचे जगणे कठीण होते. मे महिन्यात आपल्या नद्यांतले उथळ पाणी दुपारी ३० अंशांच्या वर जाते. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच, आणि तिथले ओढे उन्हाळ्यात आटतात. म्हणजे ट्राउटला बारमाही थंड, वाहते पाणी देणारी जागा आपल्याकडे नाही.

पण उत्तर इथे संपत नाही. पाणी कोमट झाले म्हणून माशाचे काय बिघडते? खरी अडचण उष्णतेइतकीच श्वासाची आहे.

पाण्यात प्राणवायू किती?

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात किती विरघळतो, हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. समुद्रसपाटीच्या दाबाला आणि गोड्या पाण्यासाठी हे आकडे असे आहेत:

० अंश – १४.६ मिलिग्रॅम
१० अंश – ११.३ मिलिग्रॅम
२० अंश – ९.१ मिलिग्रॅम
३० अंश – ७.६ मिलिग्रॅम

पहिली गोष्ट, हवेच्या मानाने पाण्यात प्राणवायू फारच थोडा. मासा आपल्यापेक्षा पंचवीस-तीसपट गरीब घरात राहतो म्हणा ना! दुसरी गोष्ट, पाणी तापले की ही गरिबी आणखी वाढते. तापलेल्या पाण्यात रेणूंची धावपळ वाढते आणि विरघळलेल्या वायूचे रेणू पाण्याच्या पकडीतून सहज निसटून हवेत जातात.

हे वर्गात दाखवता येते. काचेच्या चंचुपात्रात माठातले गार पाणी घेऊन ते मंद आचेवर ठेवा. उकळी फुटायच्या कितीतरी आधी काचेच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे धरलेले दिसतील. मुलांना विचारा, 'हे बुडबुडे कशाचे?' बहुतेक जण 'वाफेचे' म्हणतील. पण ४० - ५० अंशांना पाणी उकळत नाही. हे बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे आहेत. पाणी तापले आणि तिला जागा उरली नाही.

आता माशाच्या बाजूने पाहू. मासा शीतरक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर चढते-उतरते. तापमान १० अंशांनी वाढले की त्याच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो आणि त्यासाठी लागणारा प्राणवायूही जवळजवळ दुप्पट होतो. १० अंशांच्या पाण्यातला मासा ३० अंशांच्या पाण्यात नेला, तर त्याची गरज दोनदा दुप्पट, म्हणजे चौपट झाली. पुरवठा मात्र ११.३ वरून ७.६ वर आला, म्हणजे दोन तृतीयांश उरला. चार भागिले दोन तृतीयांश म्हणजे सहा. तेवढाच श्वास मिळवायला माशाला कल्ल्यांवरून सहापट पाणी खेळवावे लागेल. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यावरून अडचण कुठे आहे ते कळते. थंड, खळाळत्या ओढ्यातल्या श्रीमंतीला सरावलेला ट्राउट हा खर्च पेलू शकत नाही.

कल्ल्यांची करामत

या गरिबीत मासे मुळात जगतात कसे? त्याचे उत्तर कल्ल्यांच्या रचनेत आहे. कल्ल्याच्या लालभडक पात्यांत रक्त ज्या दिशेने वाहते, त्याच्या उलट दिशेने त्यांच्यावरून पाणी वाहते. पाणी पुढे सरकताना त्यातला प्राणवायू कमी होत जातो. पण उलट्या प्रवाहामुळे दर टप्प्यावर त्याला आपल्याहून गरीब असलेले रक्तच भेटते. त्यामुळे शेवटपर्यंत प्राणवायू पाण्याकडून रक्ताकडे जात राहतो. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने असते, तर निम्म्यावर दोघांची बरोबरी होऊन देवघेव थांबली असती. या युक्तीने मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतात. आपली फुप्फुसे आत घेतलेल्या हवेतला सुमारे चौथा हिस्साच घेतात.

पण याला किंमत पडते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड. ते सतत तोंडातून आत घ्यायचे आणि कल्ल्यांतून बाहेर ढकलायचे, यातच माशाची बरीच शक्ती जाते.

मरळ काय करते?

त्या दिवशी मामांच्या ओल्या पोत्यात दोन मरळी होत्या. पाण्याबाहेर काढून तास उलटून गेला, तरी त्या वळवळत होत्या. रोहू किंवा कटला एवढा वेळ टिकला नसता.

मरळीला कल्ले असतातच, पण कल्ल्यांच्या वरच्या बाजूला डोक्यात एक पोकळीही असते. तिच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मरळ अधूनमधून पाण्यावर येते, तोंडाने हवेचा घोट घेते आणि या पोकळीत भरते. पाण्यातला प्राणवायू संपला तरी तिचे अडत नाही. उलट, तिला जाळ्याखाली दाबून वर येऊच दिले नाही, तर ती पाण्यात असूनही गुदमरते. मांगुरालाही असाच जादा श्वसनाचा अवयव आहे. त्याच्या कल्ल्यांजवळ झाडाच्या फांद्यांसारखी रचना असते.

म्हणून आटत आलेल्या डोहात, चिखलाच्या पाण्यात, जलपर्णीने झाकलेल्या डबक्यात मरळ टिकून राहते. कोकणातल्यासारख्या भरवशाच्या पावसाची सवय नसलेल्या मराठवाड्यात हा मासा का तगला, हे यावरून लक्षात येईल.

मग बास?

मुलाने दुसरे नाव घेतले होते बासचे. टीव्हीवर दिसणारा बास म्हणजे उत्तर अमेरिकेतला मोठ्या तोंडाचा बास. (आपल्या बाजारात 'सी बास' म्हणून मिळतो तो वेगळा, तो खाडीतला जिताडा.) या बासला कोमट पाणी चालते. २५ - ३० अंशांच्या पाण्यात तो चांगला वाढतो. ट्राउटला जी भिंत अडवते, ती बासला अडवणार नाही. मग बासचे बीज आणून मांजरा धरणात सोडायला काय हरकत आहे?

हा प्रयोग जगात अनेकांनी केला आहे. ग्वातेमालातल्या आतित्लान सरोवरात १९५८ च्या सुमाराला हौशी गळवाल्यांसाठी बास सोडले. त्यांनी तिथले लहान मासे आणि खेकडे फस्त केले. केवळ त्या सरोवरावर राहणारा एक पाणडुबीच्या जातीचा पक्षी पुढच्या काही दशकांत नाहीसा झाला. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत बासचे नाव वरचे आहे. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात सोडलेला बास पुढे देशभर पसरला, आणि २००५ मध्ये कायदा करून त्याला पाळण्यावर व सोडण्यावर बंदी घालावी लागली.

गंमत म्हणजे हीच गोष्ट उलट्या बाजूनेही घडली आहे. २००२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या एका तळ्यात मरळीची आशियातली एक बहीण सापडली आणि तिथे हलकल्लोळ माजला. आपल्याकडे जी चवीने खाल्ली जाते, ती तिथे उपद्रवी ठरली. मासा चांगला की वाईट, हे त्याच्या जागेवरून ठरते. पाणवनस्पतींत दबा धरून बसायचे आणि जवळून जाणाऱ्या बेडकावर झडप घालायची, ही बासची जागा आपल्या पाण्यात मरळीने केव्हाच घेतली आहे.

मामांचे शास्त्र

आता पुन्हा काठावर येऊ. मामांना मिलिग्रॅमचे आकडे ठाऊक नाहीत, पण ते कुठे बसतात, कधी बसतात आणि कसे बसतात, हे पाहिले की त्यामागचे शास्त्र दिसते.

ते बसतात पाणी फेसाळत पडते त्याच्या जवळ. उंचावरून पडणारे पाणी हवा कालवून घेते. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्याचा जीव कोंडतो, तेव्हा वाहत्या पाण्यातले मासे अशा जागी गोळा होतात.

ते उकिडवे बसतात आणि मुलांना गप करतात. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे बाहेरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसते. काठावर वाकून बसलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला चेपलेला असतो. तो उठून उभा राहिला की खिडकीत ठळक दिसू लागतो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर संवेदनशील अवयवांची एक ओळ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली बारीक हालचाल तिला जाणवते. मुलांनी खडकावर पाय आपटले की कंप पाण्यात उतरतो.

आमिषही मासा पाहून निवडायचे. रोहूसाठी कणकेचा गोळा, कारण तो वास आणि चव घेत फिरतो. शिंगाळ्यासाठी गांडूळ, त्याच्या लांब मिशा म्हणजे चव ओळखणारी बोटेच. मरळीसाठी हलती बेडकी, कारण तिला सावज हलताना दिसावे लागते.

लोकांच्या या ज्ञानाला शास्त्रात मानाचे स्थान मिळाल्याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. नवी शास्त्रीय नावे देताना त्यांनी अनेक माशांची स्थानिक नावेच उचलली. त्यामुळे आपला महसीर जगभर 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जातो, शिंगाळा 'स्पेराटा सिंघाला' म्हणून आणि कोळस 'हिप्सेलोबार्बस कोलस' म्हणून. नदीकाठच्या मासेमारांनी उच्चारलेले शब्द जगभरच्या संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर जाऊन बसले आहेत.

मासे का मेले?

हे सगळे कशासाठी सांगितले, त्याचे कारण एका प्रसंगात आहे. काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मांजरा नदीकाठच्या, लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून माझ्या ओळखीच्या शिक्षकांचा फोन आला. आदल्या संध्याकाळी वादळी पाऊस झाला होता आणि सकाळी गावच्या बंधाऱ्यात शेकडो मासे उलटे तरंगत होते. कुणीतरी विष कालवले अशी बोंब झाली. संशय एका कुटुंबावर घेतला गेला आणि प्रकरण हातघाईवर आले.

मी त्यांना तीन प्रश्न विचारले. मासे केव्हा मेले? कोणते मेले? मोठे की लहान?

उत्तरे अशी आली. मध्यरात्रीपर्यंत काही नव्हते, पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हपापताना दिसले, उजाडेपर्यंत मेले. मेलेल्यांत रोहू, कटला आणि मृगळ होते. मोठे आधी आणि जास्त मेले. मरळ एकही मेली नव्हती. पोरांनी सकाळीच दोन धरल्या होत्या.

आता वरचे सारे आठवा. पाण्यातले हिरवे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेही श्वसन करते आणि प्राणवायू वापरते. त्यामुळे साचलेल्या हिरव्या पाण्यात प्राणवायू दुपारनंतर सर्वांत जास्त आणि पहाटे सर्वांत कमी असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी थोडे आणि कोमट. मुळात पुंजी कमी. तळाशी कुजणारा गाळ, तिथे प्राणवायू जवळजवळ नाहीच. वळवाच्या वादळाने तळचे पाणी वर आणले, आणि पहिल्या लोंढ्याने शेतातला काडीकचरा, शेण, गटारातली घाण बंधाऱ्यात आणून ओतली. ती कुजवणाऱ्या जिवाणूंनी उरलासुरला प्राणवायू संपवला. लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला तर कार्प जातीचे मासे सुखाने राहतात. २ च्या खाली ते तडफडू लागतात.

विषाची खूण सहसा वेगळी असते. विष दिवसाची वेळ पाहत नाही, लहान मासे सहसा आधी मरतात आणि हवेत श्वास घेणारी मरळही त्यातून सुटत नाही. रोहू मरतो आणि मरळ वाचते, तेव्हा संशय आधी प्राणवायूवर घ्यावा. अर्थात हा पुरावा नव्हे, दिशा आहे. विषाने मासे मारण्याचे प्रकार घडतातच. खात्रीसाठी पाण्याचा नमुना लगेच तपासायला हवा, आणि तोवर ते मासे कुणी खाऊ नयेत. त्या शिक्षकांनी गावकऱ्यांना चावडीवर बसवून हे समजावले. भांडण तिथे थांबले. त्या कुटुंबावरचा संशय मिटला आणि गावाचे लक्ष बंधाऱ्यात येणाऱ्या गटाराकडे गेले.

वाहती नदी, अडलेली नदी

मराठवाड्यात पाणी अडवल्याशिवाय गत्यंतर नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? मात्र पाणी अडवले की नदीचे तळे होते, आणि तळ्यात तळ्यातले मासे राहतात, हेही समजून घ्यायला हवे. "पूर्वी वाहत्या पाण्यातली मासळी लागायची, आता बघावं तेव्हा चिलापी," असे मामा म्हणाले, त्याचा अर्थ हाच.

यात सर्वांत नाजूक काळ पावसाळ्याचा. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत; त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणूनच धरणांत दरवर्षी मत्स्यबीज सोडावे लागते. हे बीज मुबलक मिळू लागले ते हिरालाल चौधुरी यांच्यामुळे. त्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे पीयूषिका ग्रंथींचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. पण नदीतल्या इतर देशी माशांसाठी कुणी बीजकेंद्र चालवत नाही. पहिल्या पुराबरोबर ते प्रवाहाच्या उलट वर चढतात. कोकणात याला वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे. वाटेत बंधारा आला की ते त्याच्या पायथ्याशी अडकून राहतात, आणि नेमके तिथेच त्यांना पकडणे सर्वांत सोपे असते. गाभोळी भरलेली एक मादी म्हणजे हजारो अंडी.

नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण या बाबतीत मनोरंजक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात. निकाल दोन राज्यांच्या पाणीवाटपाचा. पण त्यामुळे माशांच्या चढणीच्या महिन्यांत तेवढी वाट मोकळी राहते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांतही पावसाळ्यात बरगे काढलेले असतात. ते कधी काढायचे आणि कधी घालायचे, हे ठरवताना पाण्याबरोबर माशांचाही विचार करता येईल.

आणि उन्हाळ्यात डोह सांभाळायला हवेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून महसीर धरत नाहीत. नदी आटली तरी अशा डोहात बियाण्यापुरते मासे शिल्लक राहतात. पेरणीसाठी कणगीत थोडी ज्वारी राखून ठेवतो, तसेच हे.

वर्गात काय करता येईल?

१. पाण्याचे तापमान: गावच्या नदीत किंवा तलावात सकाळी सहा आणि दुपारी दोन वाजता, महिन्यातून एकदा, तापमान मोजा. वरच्या आकड्यांशी ताडून पाण्यात जास्तीत जास्त किती प्राणवायू मावेल, ते मुलांना काढू द्या.

२. कल्ल्यांची उघडमीट: पसरट भांड्यात तळ्याचेच पाणी घेऊन एक लहान मासा सोडा. एका मिनिटात कल्ल्यांची झाकणे किती वेळा उघडमीट होतात, ते मोजा. मग भांडे थोडा वेळ उन्हात ठेवून पाणी तीन-चार अंशांनी वाढल्यावर पुन्हा मोजा. याहून जास्त तापवू नका, आणि मासा जिथून आणला तिथेच सोडा.

३. गावची मत्स्यवही: गावातल्या भोई मंडळींना, गळ टाकणाऱ्या आजोबांना शाळेत बोलवा. माशाचे स्थानिक नाव, वाहत्या पाण्यात मिळतो की साचलेल्या, कोणत्या महिन्यात, कोणत्या आमिषाला, आणि पूर्वी मिळायचा पण आता दिसत नाही असा मासा कोणता, हे लिहून घ्या. दरवर्षी नव्या तुकडीने त्यात भर घालावी. दहा वर्षांनी ती वही नदीच्या प्रकृतीचा कागद होईल.

त्या मुलाला मी काठावर एवढे सगळे सांगितले नाही. एवढेच सांगितले, "ट्राउटला थंड आणि भरपूर हवेचं पाणी लागतं, ते इथं नाही. इथं जे पाणी आहे त्यात कोण राहतं, ते मामांना विचार." तो मामांच्या शेजारी उकिडवा बसला. बराच वेळ त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मग चिपाडाचा तुकडा पाण्यात बुडाला.